उंचावरच्या धावपट्टीवरून छोटं विमान उडवताना: आधी कागदावर काय मांडायचं, धावताना काय बघायचं

उंचावरच्या विमानतळावरचे उड्डाणाचे अपघात बहुतेक एकाच साच्याचे असतात. चार आसनांचं, एका पिस्टन इंजिनाचं विमान, चारही जागा भरलेल्या, टाक्या काठोकाठ. वेळ दुपारची. इंजिन व्यवस्थित चालतंय, कुठलाही दिवा लागलेला नाही. विमान नेहमीपेक्षा बरंच जास्त धावतं, शेवटी चाकं सुटतात आणि वैमानिकाचा जीव भांड्यात पडतो. पण विमान जमिनीपासून दहा-पंधरा फुटांच्या वर जायलाच तयार होत नाही. पुढे झाडं किंवा चढता डोंगर असतो. नाक थोडं अजून वर ओढलं जातं, वेग आणखी पडतो आणि एक पंख खाली जातो.

तपासात इंजिनात दोष निघत नाही, कारण तो नसतोच. चाकं सुटणं आणि विमान चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली म्हणून दुसरी जमेल असं नाही, हे गृहीत धरूनच पुढची सगळी तयारी करायची.

पातळ हवेत नेमकं काय कमी होतं

नुकसान तीन ठिकाणी होतं. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. प्रोपेलरही पंखच आहे, त्यामुळे पातळ हवेत त्याची ओढ घटते. आणि विमानाच्या पंखांना तेवढंच वजन उचलायला प्रत्यक्षात जास्त वेगाने धावावं लागतं.

हे तिसरं नुकसान फसवं आहे, कारण ते वेगमापकावर दिसत नाही. काटा नेहमीसारखाच ६० नॉट (ताशी सागरी मैल) दाखवतो. पण १२,००० फुटांच्या घनतेच्या हवेत ६० नॉट दिसत असताना विमानाचा खरा वेग सुमारे ७२ नॉट असतो. वेग वीस टक्क्यांनी वाढला की ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. तेवढी जास्त ऊर्जा थकलेल्या इंजिनाकडून मिळवायची असते आणि ब्रेक दाबायची वेळ आली तर तेवढीच ब्रेकनी गिळायची असते. पंखांच्या तेवढ्याच कलावर वळणाची त्रिज्याही ४४ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे खाली सहज जमणारं वळण अरुंद दरीत मावत नाही.

टर्बो असलेलं इंजिन पहिलं नुकसान भरून काढतं. दुसरं आणि तिसरं तसंच राहतं. ‘आपलं टर्बो आहे’ म्हणून गणित सोडून देणारे इथेच चुकतात.

घनता-उंची काढणं

धावपट्टीची उंची नकाशावर छापलेली असते. विमानाला मात्र हवेची घनता कळते, आणि त्या घनतेला जुळणारी प्रमाण वातावरणातली उंची म्हणजे घनता-उंची, अर्थात डेन्सिटी अल्टिट्यूड. ती काढायला साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

आधी दाब-उंची घ्या. अल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) खिडकीत १०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे २९.९२ इंच, लावलं की काटा सरळ दाब-उंचीच दाखवतो. वाचून झालं की स्थानिक दाब (समुद्रसपाटीला आणून कळवलेला) परत लावायला विसरू नका. हाताने काढायची असेल तर स्थानिक दाब १०१३ पेक्षा जितके हेक्टोपास्कल कमी असेल, त्या प्रत्येकामागे धावपट्टीच्या उंचीत सुमारे ३० फूट मिळवा.

मग त्या उंचीवरचं प्रमाण तापमान काढा. समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना २ अंश कमी. बाहेरचं तापमान यापेक्षा जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट, आणि ते दाब-उंचीत मिळवा.

उदाहरण घेऊ. धावपट्टी ६,००० फुटांवर, दाब १००३, तापमान ३० अंश. दाब दहाने कमी, म्हणून दाब-उंची ६,३००. तिथलं प्रमाण तापमान १५ वजा १२.६, म्हणजे २.४ अंश. फरक २७.६ अंशांचा. त्याला १२० ने गुणलं की ३,३१२. घनता-उंची सुमारे ९,६०० फूट. समुद्रसपाटीला १८० अश्वशक्ती देणारं इंजिन इथे १३० च्या आसपास देणार.

त्याच पट्टीवर पहाटे ८ अंश असतील तर घनता-उंची येते सुमारे ७,००० फूट. विमान तेच, माणसं तीच, फक्त पाच-सहा तास आधी निघाल्याने २,६०० फुटांचा फायदा. इतका मोठा आणि इतका स्वस्त फायदा या लेखात दुसरा नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. तिथे २४ अंशांच्या, अगदी सुखद वाटणाऱ्या दुपारी घनता-उंची १३,३०० च्या वर जाते. सेसना १७२एस या चार आसनी विमानाची सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट आहे, म्हणजे त्या उंचीवर ते मिनिटाला जेमतेम १०० फूट चढतं. थोडक्यात, विमान आपल्या कमाल मर्यादेच्या दारात उभं राहूनच धावायला सुरुवात करतं.

दमट हवेमुळे यात आणखी काहीशे फुटांची भर पडू शकते, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. वरचं सूत्र ती धरत नाही. तेव्हा पावसाळी उकाड्यात आलेल्या आकड्यात थोडी भर धरा.

वजन: तुमच्या हातातली एकमेव मोठी कळ

निघायची वेळ ठरली की तापमान आणि उंची तुमच्या हातात नाहीत, वजन आहे. वजन १० टक्क्यांनी वाढलं की उड्डाणाचं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढतं, आणि उलट दिशेलाही हाच हिशेब साधारण चालतो. १७२एसचं कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे १,१५७ किलो. टाक्यांत वापरता येणारं पेट्रोल ५३ गॅलन, सुमारे १४४ किलो. अर्ध्या टाकीवर निघालात तर ७२ किलो तिथेच उतरले. पुढच्या, खालच्या विमानतळावर भरता येणार असेल तर डोंगरावरून काठोकाठ टाक्या घेऊन निघण्यात शहाणपण नाही. मात्र पेट्रोल कमी करताना राखीव साठ्याला हात लावायचा नाही. त्यापेक्षा एक प्रवासी आणि सामान दुसऱ्या खेपेत न्या.

वजन अंदाजाने धरू नका. माणसं आपलं वजन कमीच सांगतात, आणि हिवाळी कपडे व बूट त्यात कधीच धरत नाहीत. कमाल वजनाच्या आत असणं ही कायद्याची अट झाली. ‘आत आहे म्हणजे उडेल’ असं विमानाचं हँडबुक कुठेही म्हणत नाही.

११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंगमधल्या शायेन इथे सेसना १७७बी कोसळलं आणि त्यातले तिघेही गेले. विमानतळ सहा हजार फुटांच्या थोडा वर. दिवस गरम नव्हता, उलट थंड आणि पावसाळी होता. घनता-उंची ६,६७० फूट, विमान कमाल वजनापेक्षा ९६ पौंडांनी जड, आणि समोरून वादळ येत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वादळात निघण्याचा निर्णय, जादा वजन, आणि सवयीपेक्षा जास्त असलेली घनता-उंची या तिन्हींवर बोट ठेवलं. विमान वेग गमावून स्टॉल झालं होतं, म्हणजे पंखांची उचल तुटली होती. एकेकटी कदाचित निभावली असती अशी कारणं एकत्र आली की असं होतं.

तक्त्यातला आकडा आणि त्यावरची भर

हँडबुकातला तक्ता नव्या विमानाचा, नव्या इंजिनाचा, सरावलेल्या चाचणी-वैमानिकाचा आणि सपाट, कोरड्या, पक्क्या धावपट्टीचा असतो. तुमच्याकडे यातलं किती आहे ते प्रामाणिकपणे मोजा. तक्त्यात नेहमी दोन आकडे असतात: जमिनीवरची धाव, आणि ५० फूट उंची गाठेपर्यंतचं एकूण अंतर. निर्णय दुसऱ्यावर घ्यायचा.

सुधारणा हँडबुकात दिल्या असतील तर त्याच वापरा. १७२एसचं हँडबुक सांगतं: समोरच्या वाऱ्याला दर ९ नॉटमागे १० टक्के वजा, पाठीच्या वाऱ्याला दर २ नॉटमागे १० टक्के अधिक, कोरड्या गवतावर जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के अधिक. वाऱ्याचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दोन नॉट पाठीचा वारा जितकं बिघडवतो, तितकं भरून काढायला नऊ नॉट समोरचा वारा लागतो. चढाचा आकडा हँडबुकात नसेल तर दोन टक्के चढाला निदान १० टक्के धरा. ओलं गवत, चिखल किंवा बर्फ असेल तर भर याहून बरीच मोठी. या वाढी एकमेकींत मिळवायच्या नसतात, गुणायच्या असतात. आणि सर्वांत शेवटी सुरक्षेसाठी १.३३.

समजा तक्त्यात धाव १,९०० फूट आणि ५० फुटांपर्यंतचं अंतर ३,५०० फूट आलं. कोरडं गवत: १,९०० चे १५ टक्के, म्हणजे २८५. एकूण ३,७८५. दोन टक्के चढ: गुणिले १.१, झाले सुमारे ४,१६०. गुणिले १.३३, झाले ५,५०० च्या थोडे वर. पट्टी ५,००० फुटांची असेल तर उत्तर ‘नाही’ असं आहे. याच हिशेबात ४ नॉट पाठीचा वारा घातला तर आकडा ६,६०० च्या पुढे जातो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा (विंडसॉक) जेमतेम हलत असतो, तेवढ्याने हा फरक पडतो.

उताराची पट्टी मदत करते, पण ती कुठे जाऊन संपते तेही बघा. नेपाळमधल्या लुक्लाची पट्टी ५२७ मीटरची, जवळपास १२ टक्के उताराची. उड्डाण नेहमी उताराकडे आणि उतरणं चढाकडे, कारण वरच्या टोकाला डोंगर आहे. तिथे वाऱ्याची दिशा दुय्यम ठरते. साध्या पट्टीवरही प्रश्न तोच असतो: उड्डाणानंतर जमीन तुमच्यापासून खाली जाते की तुमच्याकडे वर येते? सौम्य उतार आणि खुली दरी एका बाजूला, थोडासा समोरचा वारा आणि चढता डोंगर दुसऱ्या बाजूला, अशी निवड असेल तर दोन्ही दिशांचा हिशेब मांडून बघितल्याशिवाय वाऱ्याच्या सवयीने निघू नका.

चढण्याचा कोन

नवशिके इथे हमखास अडखळतात, कारण तक्ता मिनिटाला किती फूट ते सांगतो आणि झाड मात्र अंतरावर उभं असतं. ७५ नॉट जमिनीवरच्या वेगाने आणि मिनिटाला ३०० फूट चढलात, तर एका सागरी मैलात २४० फूट मिळतात. अर्ध्या मैलावर १२०. वाईट नाही. आता डोंगराच्या आडोशाला मिनिटाला २०० फुटांनी खाली जाणारा वारा लागला, आणि तसा लागणं अगदी सामान्य आहे. उरले १०० फूट. अर्ध्या मैलावर तुम्ही फक्त ४० फुटांवर आहात. पन्नास फुटी झाडांची रांग तिथे असेल तर पुढचं सांगायला नको.

वाऱ्याच्या आडोशाची बाजू, दुपारी तापलेले उतार आणि जवळ आलेलं वादळ या तिन्ही ठिकाणी खाली जाणारी हवा हमखास मिळते. म्हणून डोंगरातली उड्डाणं सकाळी उरकतात. सकाळ थंड असते हे एक कारण, हवा शांत असते हे दुसरं, आणि दुसरं पहिल्याइतकंच वजनदार आहे.

मिक्स्चर

मिक्स्चर म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारी लाल मूठ. समुद्रसपाटीला शिकलेल्या वैमानिकाच्या हातात ‘मिक्स्चर फुल रिच’, म्हणजे पेट्रोल पूर्ण, इतकं भिनलेलं असतं की ती मूठ आपोआप पूर्ण आत ढकलली जाते. उंचावर हवा कमी आणि पेट्रोल पूर्ण, म्हणजे इंजिन गुदमरतं. आधीच घटलेल्या ताकदीतून आणखी काही टक्के फुकट जातात. १७२एसचं हँडबुक ३,००० फुटांवरच्या धावपट्टीपासूनच मिक्स्चर पातळ करायला सांगतं.

स्थिर पात्यांच्या प्रोपेलरला पद्धत अशी. खडी नसलेली जागा निवडा, नाहीतर पाती खडे ओढून घेतात. ब्रेक घट्ट, कार्बोरेटर असेल तर त्याची हीट बंद, थ्रॉटल पूर्ण. आता लाल मूठ हळूहळू बाहेर घ्या. आरपीएम (मिनिटाला फेरे) चढू लागेल, एका ठिकाणी सर्वांत जास्त होईल आणि मग उतरायला लागेल किंवा इंजिन खरखरेल. तिथून थोडी आत, इंजिन पुन्हा गुळगुळीत चालेपर्यंत. जागेवर पूर्ण थ्रॉटल फार वेळ ठेवू नका, पातळ हवेत इंजिन थंडही कमी होतं. आरपीएम आपोआप राखणाऱ्या प्रोपेलरला हा उपाय लागू पडत नाही, कारण गव्हर्नर आरपीएम हलूच देत नाही. तिथे एग्झॉस्टचं तापमान किंवा उंचीनुसार दिलेला इंधनप्रवाह बघून लावा. टर्बो इंजिनाला मात्र हँडबुक वेगळं सांगत नसेल तर फुल रिचच.

जमिनीवर रांगतानाही मिक्स्चर पातळ ठेवा. नाहीतर प्लगवर काजळी धरते आणि मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) तपासणीत इंजिन धडधडतं. तसं झालंच तर मिक्स्चर पातळ करून १,८०० ते २,००० आरपीएमवर थोडा वेळ चालवा आणि पुन्हा तपासा. सुधारलं नाही तर त्या दिवशी निघायचं नाही.

उंचावर उतरतानाही हीच चूक होते. सवयीने मूठ आत, मग ऐनवेळी पुन्हा वर जायची वेळ येते आणि इंजिन ताकदच देत नाही.

थांबायची जागा आधी ठरवा

पट्टीच्या मध्यावर उड्डाणवेगाच्या ७० टक्के गाठले नसतील तर रद्द करा, हा नियम सगळीकडे शिकवतात. त्यामागचं गणित सरळ आहे. वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून अर्ध्या अंतरात सुमारे ७० टक्के वेग मिळतो. पण याचा अर्थ नीट वाचा. मध्यावर बरोबर ७० टक्के असतील तर चाकं पट्टीच्या अगदी टोकाला सुटणार. पुढच्या झाडाबद्दल हा नियम काहीच बोलत नाही. शिवाय वेगाबरोबर प्रोपेलरची ओढ घटत जाते, त्यामुळे दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वाईटच जातो.

म्हणून खूण पट्टीच्या मध्यावर न धरता, तुम्ही काढलेल्या धावेच्या मध्यावर धरा. धाव २,४०० फूट आली असेल तर १,२०० फुटांवर. तिथे नजरेत भरणारी वस्तू शोधा: दिव्याचा खांब, टॅक्सीवेचं तोंड, कुंपणाचा कोपरा. काहीच नसेल तर चालत जाऊन पावलांनी मोजा आणि कडेला काहीतरी ठेवा. ५५ नॉटला चाकं उचलायची असतील तर तिथे ३९ नॉट हवेत. हा आकडा कागदावर लिहून डोळ्यांसमोर चिकटवा. ३९ नसतील तर थ्रॉटल मागे, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर, कांडी मागे, ब्रेक. चर्चा नाही.

टायरमध्ये हवा कमी असणं किंवा ब्रेक किंचित धरून राहणं हे दोष खाली जाणवत नाहीत. या खुणेवर ते उघडे पडतात.

धाव, आणि चाकं सुटल्यानंतर

पट्टीचा प्रत्येक फूट वापरा, टोकापर्यंत मागे जा. फ्लॅप हँडबुकात सांगितलेत तितकेच, मनाने वाढवू नका. जास्त फ्लॅपने चाकं लवकर सुटतात, पण चढताना त्यांचाच हवेतला अवरोध आडवा येतो. नाक वेगमापकावर बघून उचला, बाहेरच्या जमिनीवर बघून नाही. जमीन नेहमीपेक्षा भराभर मागे जात असते, म्हणून वेग पुरेसा झाल्यासारखा वाटतो.

जमिनीलगत पंखांना हवेचा अवरोध कमी असतो. पंखाच्या विस्ताराच्या दहाव्या भागाइतक्या उंचीवर उचल निर्माण करताना येणारा अवरोध जवळपास निम्मा होतो. हा ग्राउंड इफेक्ट. या आधारावर विमान अशा वेगालाही जमीन सोडतं, ज्या वेगाला त्याला चढता येत नाही. म्हणून चाकं सुटताच नाक किंचित खाली घ्या, पट्टीवर पाच-दहा फुटांवरच राहा आणि चढाचा वेग जमू द्या. मग वर काढा.

कुठला वेग? सर्वांत मोठा कोन देणारा वेग उंचीबरोबर वाढतो, सर्वांत जास्त दर देणारा घटतो. १७२एसमध्ये पहिला समुद्रसपाटीला ६२ आणि १०,००० फुटांवर ६७ नॉट, दुसरा ७४ वरून ७२. खालचा पाठ केलेला ६२ चा आकडा वर वापरलात तर विमान हळू उडतं आणि कमीच चढतं. फ्लॅप काढताना एकदम काढू नका, विमान खचतं. अडथळे पार होऊन वेग जमल्यावर टप्प्याटप्प्याने काढा.

चढत नसेल तर

२०१२ च्या जूनमध्ये आयडाहोतल्या ब्रूस मेडोज या सहा हजार फुटांवरच्या पट्टीवरून चौघांना घेऊन निघालेल्या स्टिन्सन १०८ चं आतून घेतलेलं चित्रीकरण उपलब्ध आहे. विमान लांबलचक धावून जमीन सोडतं, झाडांच्या शेंड्यांजवळच रेंगाळतं आणि शेवटी झाडांत जातं. चौघंही वाचले. बघताना लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे द्या: तो शेवटपर्यंत निरोगी आहे.

अशा जागी सापडलात आणि खाली अजून पट्टी शिल्लक असेल तर थ्रॉटल मागे घेऊन उतरा, मग टोकाला कुंपण का असेना. २० नॉटने कुंपणात घुसताना विमानात असलेली ऊर्जा ६० नॉटच्या एक नवमांश असते. पट्टी संपली असेल तर नाक ओढायचा मोह आवरा. वेग पडला की अवरोध वाढतो आणि उरलासुरला चढही जातो, तेव्हा उलट नाक थोडं खाली घेऊन वेग मिळवा. पट्टीकडे परत वळू नका. ४५ अंशांच्या कलावर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी शिल्लक तुमच्याकडे नाही. उतरत्या जमिनीकडे, दरीच्या तोंडाकडे जेमतेम कलाने, रडरचा (शेपटीच्या उभ्या सुकाणूचा) तोल राखून सरका. तीही वाट नसेल तर पंख समतल ठेवून, विमान ताब्यात असतानाच, समोरचं त्यातल्या त्यात मऊ मैदान किंवा झुडपं निवडा. पॉवर कमी करा, पट्टे घट्ट, दार किंचित उघडं, आणि जमिनीला टेकेपर्यंत विमान उडवत राहा.